पट्टीचा शब्द

'रस्त्यांची केवळ मलमपट्टी' हा मथळा वर्तमानपत्रांत वर्षातून कितीदा तरी वाचायला मिळतो. आमच्या भिवंडीत पावसाळा ओसरला की तो ठरलेलाच. खड्ड्यात खडी ओतली, वरून डांबर फिरवलं, झाली मलमपट्टी. उपाय वरवरचा असला, मूळ दुखण्याला हात न घालणारा असला की त्याला मलमपट्टी म्हणायचं, हे मराठीत इतकं रुळलंय की त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मला वाटतं. हा शब्द जिथून आला, तिथे पट्टी म्हणजे माणूस जगणार की मरणार याचा निकाल असे. शिवाय ती बांधणारे बहुतेक जण असे होते, की त्यांची नावंसुद्धा कुणी धड लिहून ठेवली नाहीत.

आधी पट्टीचं घराणं पाहू. संस्कृत 'पट्ट' म्हणजे सपाट आणि लांबट असं जवळजवळ काहीही: कापडाचा तुकडा, फळी, सनद कोरलेला पत्रा. बसायचा पाट त्यातलाच. जमिनीच्या पट्ट्यांची नोंद ठेवणारा पट्टकील, त्याचा झाला पाटील. कमरेला पट्टा लावणारा पट्टेवाला. गायकाची पट्टी पांढरी चार असते, शाळेच्या दप्तरातली मोजपट्टी असते, आणि एखादा पोहणारा पट्टीचा असतो. हिस्सा किंवा वाटा या अर्थानं पट्टी कराकडे वळली. पेशवाईत युद्धाची देणी फेडायला कर्जपट्टी बसवत. आम्ही भिवंडी-निजामपूर महापालिकेला घरपट्टी आणि पाणीपट्टी भरतो. गावातला एक गजबजलेला चौक वंजारपट्टी नाका. फौजांच्या मागून बैलांच्या तांड्यावर धान्य वाहणाऱ्या वंजाऱ्यांची आठवण त्या नावात आहे. आणि दांडपट्ट्यातला पट्टा? कोपरापर्यंत हात झाकणारी मूठ आणि पुढे पोलादाची लांब, लवलवती पट्टी. काही अभ्यासक त्याचं मूळ 'पट्टिश' या जुन्या शस्त्रनामात शोधतात. मूळ कुठलंही असो, मराठी कानाला जखम करणारा पट्टा आणि जखम बांधणारी पट्टी एकाच घरातले वाटतात.

पट्टी मुळात कशी तयार होते ते पाहायचं तर आमच्या भिवंडीतल्या यंत्रमागाच्या कारखान्यात जावं. चालू मागावर तुटलेला धागा जोडताना बोट सापडतं, रक्ताची धार लागते. शेजारच्या मागावरचा जुना कारागीर कोऱ्या कापडाचा तुकडा उचलतो. खळ लावलेलं असल्यामुळे ते कडक असतं. काठाशी दातांनी एक चीर पाडतो आणि दोन्ही हातांनी झटका देतो. सुताच्या रेषेत, सरळ, कात्रीशिवाय, चर्रर्र आवाज करत दोन बोटं रुंदीची पट्टी सुटून येते. ताणा आणि बाणा काटकोनात असतात म्हणून ती तिरकी फाटत नाही. तो ती बोटावर ओढून गुंडाळतो, टोक पुन्हा दातांनी उभं चिरून त्याच्या दोन शेंड्यांची गाठ मारतो आणि मग म्हणतो, "चल, आता दवाखान्यात जाऊन नीट पट्टी करून घे." फाडण्यापासून गाठीपर्यंत मिनिटसुद्धा जात नाही. दवाखान्यातली पट्टी निर्जंतुक असते आणि ती हवीच. पण रक्त थांबवलेलं असतं ते पहिल्या पट्टीनं. श्रीकृष्णाच्या बोटाला द्रौपदीनं भरजरी शालू फाडून चिंधी बांधली, ही गोष्ट मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तिच्यातही औषधाचा उल्लेख नाही. आहे तो फाडलेल्या कापडाचा, आणि वेळ न घालवण्याचा.

आता ज्यावर ती बांधायची त्याचे शब्द. 'घाव' आला संस्कृत 'घात'वरून, प्राकृतातून घासत घासत. हिंदीत घाव म्हणजे जखम. मराठीनं मात्र त्याचा कल मारणाऱ्याच्या बाजूला ठेवला: कुऱ्हाडीचा घाव घालतात, टाकीचे घाव सोसतात. ज्याला लागलं त्याच्या बाजूचा शब्द फारसीतून घेतला, जखम. 'व्रण' म्हणजे संस्कृतात उघडी जखम. त्याचा मराठी वंशज 'वण' म्हणजे जखम भरल्यावर उरलेली खूण. मारणाऱ्याचा एक शब्द, सोसणाऱ्याचा दुसरा आणि बरं झाल्यानंतरचा तिसरा, अशी वाटणी लढाया जवळून पाहिलेल्या भाषेतच होत असावी.

आणि 'शल्य'. शल्य म्हणजे बाणाचं टोक, अंगात रुतून राहिलेलं काहीही. ते काढायचं शास्त्र ते शल्यतंत्र. आज जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात एका दारावर 'जिल्हा शल्य चिकित्सक' अशी पाटी असते. तिचा मूळ अर्थ धरला तर जिल्ह्यातल्या माणसांच्या अंगात रुतलेले बाण काढणारा. आपण त्या रुग्णालयाला 'सिव्हिल' म्हणतो, त्यातही लष्कर लपलेलं आहे. छावणीतलं रुग्णालय मिलिटरी, म्हणून गावातलं सिव्हिल. आणि तिथले सिव्हिल सर्जन ज्या इंडियन मेडिकल सर्व्हिसमधून येत, ती मुळात लष्करी डॉक्टरांची सेवा होती. युद्ध नको म्हणून वेगळं नाव दिलं, तरी मोजमाप युद्धाचंच राहिलं.

शल्य पुढे अंगातून मनात गेलं. आपण म्हणतो, एवढं एक शल्य राहून गेलं. मनात रुतलेल्या बाणाचा एक लष्करी शब्द तर आमच्याच वाटेवर घडला. भिवंडीवरून जाणारा आग्रा रोड शहापूर, कसाऱ्यावरून घाट चढून नाशिककडे जातो आणि तिथे आहे देवळाली. इंग्रज फौजेची ही छावणी एकोणिसाव्या शतकात वसली. मुदत संपलेले गोरे शिपाई विलायतेच्या बोटीची वाट पाहत तिथे पडून असत. बोटी हिवाळ्याच्या हंगामातच सुटत, त्यामुळे ज्याची मुदत नेमकी हंगाम संपल्यावर भरली त्याला महिनोन्‌महिने काम नाही, घर नाही, फक्त ऊन. काही जण दारूत बुडाले, काहींचं डोकं फिरलं. त्याला बराकीत नाव पडलं 'डूलॅली टॅप'. डूलॅली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. इंग्रजी कोशांत तो शब्द आजही 'वेडा' या अर्थानं आहे, बहुधा हसण्यावारी वापरला जातो. मराठीतला 'डोक्याला ताप' त्याच्या बराच जवळचा आहे.

सुश्रुतसंहितेकडे वळतो, कारण पट्टीवर इतक्या आस्थेनं लिहिलेलं जुनं पान दुसरं क्वचितच सापडेल. पट्टी कशाची असावी याची तिथे यादी आहे: तागाची, कापसाची, लोकरीची, रेशमाची आणि चीनपट्टाचीसुद्धा. बांधण्याच्या पद्धती चौदा. सांध्यांसाठी स्वस्तिक, म्हणजे फुलीसारखी. आणि हनुवटी, नाक, ओठ, खांदा यांच्यासाठी गोफणा. ही गोफणा म्हणजे पाखरं हाकायला शेतकऱ्याच्या हातात असते तीच आपली गोफण: मधे रुंद खळगा, दोन बाजूंना दोर. खळग्यात दगड ठेवला तर हत्यार, हनुवटी ठेवली तर बंध. ज्यानं हे नाव दिलं त्यानं गोफण फिरवलेली असणार किंवा तिचा दगड लागलेला माणूस तरी बांधलेला असणार. त्याच ग्रंथात 'युक्तसेनीय' नावाचा अध्याय आहे. छावणीत वैद्याचा तंबू राजाच्या तंबूशेजारी असावा आणि त्यावर ध्वजासारखी खूण असावी, म्हणजे विषानं, शल्यानं, रोगानं पिडलेले लोक विचारत न बसता थेट तिथे येतील, असं तो सांगतो. कौटिल्यानंही सैन्याच्या पाठीशी शस्त्रं, औषधं, तेलं आणि कापड हाती घेतलेले वैद्य उभे केले आहेत, आणि अन्नपाणी सांभाळणाऱ्या बायका. औषधाच्या बरोबरीनं त्यानं कापड मोजलं, याची कापडाच्या गावात राहणाऱ्यानं नोंद घ्यायलाच हवी.

शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली १६५७ साली. दोन वर्षांनी अफजलखानाचा प्रसंग झाला. त्या लढाईनंतर काय केलं ते सभासदानं बखरीत सांगितलंय: मेलेल्यांच्या मुलांचं चालवलं, मूल नसेल तर बायकोला निमं वेतन दिलं, आणि जखमींना दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस होन दिले, ज्याची त्याची जखम पाहून. यातलं 'पाहून' मला फार मोलाचं वाटतं. हुद्दा विचारून ही रक्कम ठरली नाही, जखम बघून ठरली. म्हणजे कुणीतरी पट्टी सोडून आत पाहिलं असणार. मेलेल्यांच्या मुलांना देण्याच्या तनख्याला पुढे 'बालपरवेशी' असं नाव रूढ झालं. त्यातलं 'बाल' संस्कृत आणि 'परवेशी' फारसी 'परवरिश', म्हणजे पालनपोषण. मलमपट्टीचंही असंच: मलम आला अरबी-फारसी 'मरहम'वरून, 'र'चा 'ल' होऊन आणि 'ह' गळून, पट्टी देशी. आमच्या शांतीनगरात कुणी मरहम म्हणतं, कुणी मलम, आणि दोघंही एकाच दुकानातून तीच डबी नेतात.

इस्पितळ मात्र समुद्रावरून आलं. खाडीपलीकडे वसईला १५३४ ते १७३९ पोर्तुगीज होते, आणि त्यांच्या बोलण्यात 'हॉस्पिताल'मधला 'ह' उच्चारला जात नाही. त्यांचं गोव्यातलं राजाचं इस्पितळ मुख्यतः बोटीवरून उतरणाऱ्या आजारी आणि जखमी शिपायांसाठी होतं. सतराव्या शतकाच्या आरंभी पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी तिथे रुग्ण म्हणून राहिला आणि त्यानं त्याची मनापासून तारीफ लिहून ठेवली.

पानिपतावर १७६१ साली ना इस्पितळ होतं ना वैद्याचा ध्वज दिसत होता. पाठलागात महादजी शिंद्यांच्या पायावर असा वार बसला की ते जन्मभर लंगडले. त्यांना रानातून उचललं राणेखान नावाच्या भिस्त्यानं. बैलावर घालून त्यानं त्यांना दक्षिणेकडे आणलं. भिस्ती म्हणजे पखालीतून पाणी पुरवणारा. फारसीत 'बिहिश्त' म्हणजे स्वर्ग, आणि तहानेल्याला पाणी देणारा तो स्वर्गातला. जखमी माणसाला सगळ्यात आधी लागते ती तहान, रक्त गेलं की घसा कोरडा पडतो. म्हणून रणांगणावर जखमीपाशी आधी पोचणारा माणूस बहुधा भिस्तीच असे. महादजींनी पुढे राणेखानाला भाऊ मानलं, जहागीर दिली, सरदार केलं. राणेखानाचं नाव उरलं, कारण त्यानं उचललेला माणूस महादजी होता. त्या दिवशी इतर भिस्त्यांनी ज्यांना पाणी पाजलं, ते सगळे साधे शिपाई.

आता पुण्याजवळचा एक कुंभार. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापून आलं. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रज फौजेत बैल हाकायचं काम करत होता. टिपू सुलतानाशी झालेल्या १७९२ पर्यंतच्या लढाईत तो पकडला गेला आणि त्याचं नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिलं. कावसजी हे इंग्रजी कानानं टिपलेलं नाव, मराठी वाचकाला त्यात कावजी ऐकू येईल. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या कुंभार जातीतल्या एका माणसानं त्याला नवं नाक बसवलं. क्रूझो आणि फिंडले हे दोन इंग्रज डॉक्टर ते पाहत होते.

पत्रातलं वर्णन असं. आधी मेणाचा पातळ पत्रा करून तो नाकाच्या थोटकावर बसवला, मापात आणला. मग तो काढून सपाट केला आणि कपाळावर ठेवून त्याच्याभोवती रेघ ओढली. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोडवली, फक्त दोन डोळ्यांच्या मधे एक चिंचोळी पट्टी जोडलेली ठेवली, कारण रक्ताचा पुरवठा तिथूनच व्हायचा होता. थोटकाच्या कडा ताज्या केल्या, कातडी उलटी वळवून खाली आणली आणि त्या कडांमध्ये बसवली. आणि चिकटवायला काय? कात. पानाला लावतो तो कात पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांवर माखला आणि अशा पाच-सहा पट्ट्या सांध्यावर एकावर एक ठेवल्या. चार दिवस त्या हलवल्या नाहीत. मग तुपात भिजवलेलं कापड. रोग्याला पाच-सहा दिवस उताणं निजवून ठेवलं, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाच्या वाती घातल्या, म्हणजे भोकं बुजणार नाहीत. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कातडीची ती जोडपट्टी कापली. तोवर नाकात स्वतःचं रक्त खेळू लागलं होतं.

सुश्रुताच्या पद्धतीत कातडी गालाची घेतात, इथे कपाळाची. म्हणजे हा कुंभार कुठलं पुस्तक उघडून बसला नव्हता. त्याच्याकडे हाताला हात लावून आलेली विद्या होती, आणि काताचा तुरटपणा कातडी आवळून धरतो हे तिला ठाऊक होतं. लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जननं हे पत्र वाचलं, बराच काळ मृत शरीरांवर सराव केला आणि १८१४ साली एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यावर तीच शस्त्रक्रिया केली. १८१६ साली त्यानं त्यावर पुस्तक छापलं आणि युरोपात ती पद्धत पसरली. प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात तिला आजही 'भारतीय पद्धत' म्हणतात. बैल हाकणाऱ्याचं नाव छापलं गेलं, पाहणाऱ्या डॉक्टरांची नावं राहिली, चित्रकार जेम्स वेल्सनं कावसजीचं चित्रही काढलं. कुंभाराची फक्त जात नोंदली गेली.

काताच्या पाच-सहा पट्ट्यांवर एका माणसाचा चेहरा उभा राहिला, हे वाचल्यावर कुचकामी कामाला मलमपट्टी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यासाठी मराठीत रंगसफेदी आहे, थातुरमातुर आहे, वेळ मारून नेणं आहे. खड्ड्यांना ते शब्द पुरेसे आहेत.

जखमीला उचलून नेणाऱ्यांचीही नोंद अशीच हुकली. 'दोला' म्हणजे झोका, त्यावरून डोली. कंपनीच्या फौजेमागे डोल्या चालत, त्या वाहणारे भोई आणि कहार. इंग्रजांनी डोलीला 'डूली' केलं. त्यांच्याकडे एक किस्सा फार सांगितला जातो: लढाईनंतर डूलींनी जखमींना उचलून नेलं, हे वाचून विलायतेतल्या कुणा वाचकाला डूली म्हणजे डोंगरातली एखादी क्रूर टोळी वाटली. किस्सा खरा-खोटा कसाही असो, त्याची वेदना खरी आहे. गोळीबारात खांद्यावरचं माणूस खाली न टाकणारे भोई लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नव्हतेच. डोली आमच्यापासून लांब गेलेली नाही. शहापूर, मोखाडा, जव्हारच्या रस्ता नसलेल्या पाड्यांवरून आजही आजारी माणूस आणि अडलेली बाई बांबूला बांधलेल्या झोळीतून खाली येते. तिथे लोक तिला डोलीच म्हणतात.

पट्टीनं स्वतःही लांबचा प्रवास केला. हिमालयाच्या बाजूला पायाला थंडी आणि काटे लागू नयेत म्हणून पिंढरीवर कापडाची लांब पट्टी गुंडाळत. हिंदी फौजेनं ती उचलली, मग इंग्रजांनी, आणि १९०२ पासून ती साऱ्या ब्रिटिश सैन्याच्या गणवेशात गेली. इंग्रजीत तिचं नाव 'पटी', म्हणजे आपलीच पट्टी. पहिल्या महायुद्धात लाखो शिपाई घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पट्टी बांधून खंदकात उभे होते. चिखलपाण्यात लोकर आटून ती आवळली की पायाचं रक्त अडायचं, आणि खंदकात पाय सडण्याच्या आजारात तिची भर पडायची.

आणि जिथे ती खरोखर हवी होती तिथे ती पोचली नाही. १९१५ च्या नोव्हेंबरात इराकात टेसिफॉनची लढाई झाली. सहावी पुणे डिव्हिजन लढत होती, त्यात मराठा पलटणी होत्या. त्यांत आपल्या कोकणातली आणि देशावरची मुलं. जखमी हजारोंनी होते. त्यांना रणांगणावरून नदीपर्यंत आणलं ते स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून, मोडकी हाडं गाडीच्या फळ्यांवर आपटत. तिथून बोटीत भरलं, दाटीवाटीनं, उघड्या डेकवर. ती 'मेजिदिये' बोट कित्येक दिवसांनी बसऱ्याला लागली तेव्हा 'व्हॅरेला' या इस्पितळ-बोटीवर मेजर कार्टर हे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे डॉक्टर वाट पाहत होते. लांबून त्यांना वाटलं की बोटीच्या कडांवरून दोर लोंबताहेत. जवळ आल्यावर कळलं, ती हगवणीनं बेजार झालेल्या माणसांची विष्ठा वाळून लोंबत होती. पायाच्या मोडलेल्या हाडाला व्हिस्कीच्या खोक्याच्या फळ्या बांधलेल्या होत्या. पट्ट्या बदललेल्याच नव्हत्या.

कार्टरनी लेखी तक्रार केली. वरिष्ठांनी त्यांनाच दमदाटी केली, आगाऊ ठरवलं. त्यांनी तक्रार मागे घेतली नाही. पुढे चौकशी आयोग बसला, त्याच्यापुढे त्यांनी पाहिलं ते सगळं सांगितलं. १९१७ च्या जूनमध्ये अहवाल बाहेर आला आणि जुलैमध्ये भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.